डब्यावरचा ५०९ आणि माझ्या भाचीचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत डबाबंद पदार्थांतल्या रसायनांवर एक लेख आला. त्याचा सगळा भर कॅल्शियम क्लोराईडवर, म्हणजे डब्यावर ५०९ या क्रमांकाने छापल्या जाणाऱ्या पदार्थावर होता. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला जे टाकतात तेच आपल्याला खायला घालतात, असा त्याचा सूर होता. त्याच दुपारी भाचीचा फोन आला. तिची मुलगी चार वर्षांची आहे. भाचीने लेख वाचून दाखवला आणि म्हणाली, "मावशी, तू एकतीस वर्षं हेच घालत होतीस ना त्या डब्यांत?"

मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. मी खरोखरच घालत होते. टोमॅटो आणि भाज्या डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काम केले, त्यातली शेवटची चौदा प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून. कॅल्शियम क्लोराईडचे वजन, त्याची तपासणी आणि मात्रा ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. लोकांच्या पोटात काय जाते याची जबाबदारी ज्या माणसांनी रोज घेतली, त्यांच्यापैकी मी एक आहे. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी तो पदार्थ कसा असतो ते सांगते. पांढऱ्या चकत्या किंवा गोल दाणे, दिसायला निरुपद्रवी. पण त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते. संध्याकाळी घाईत एखाद्या बशीत चमचाभर दाणे उघडे राहिले, तर सकाळी बशीत दाणे नसत, चिकट पाणी असे. हवेतली वाफ ओढून तो स्वतःच त्यात विरघळतो. म्हणून पिंपाचे झाकण घट्ट लावण्यावरून मी माझ्या हाताखालच्या मुलांना जितके रागावले तितके दुसऱ्या कशावरून रागावले नसेन. पाण्यात टाकला की तो भराभर तापतो. नव्याने आलेल्या एका मुलाने काचेच्या चंचुपात्रात एकदम मूठभर दाणे ओतले आणि पात्र हातात धरवेना म्हणून सोडून दिले. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम पक्का झाला : आधी पाणी, मग दाणे, थोडे थोडे करून आणि सतत ढवळत.

आता तो टोमॅटोत का घालतात हे कळले पाहिजे, कारण आपल्या लेखात नेमके तेच नव्हते. फळाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या पेक्टिनमुळे. पेक्टिन म्हणजे साखरेसारख्या घटकांची लांबच लांब साखळी. डबा टिकावा म्हणून तो तापवावा लागतो आणि त्या उष्णतेत ही साखळी तुटते. पेशी सुट्या होतात, फोड मऊ पडते आणि शेवटी तिचा लगदा होतो. कॅल्शियमच्या प्रत्येक कणावर दोन धनभार असतात. पेक्टिनच्या साखळीवर ठिकठिकाणी ऋणभार असतात. शेजारशेजारच्या दोन साखळ्यांच्या मधल्या खाचांत कॅल्शियम जाऊन बसते आणि दोघींना एकत्र बांधते. अभ्यासक याला अंड्यांच्या ट्रेची उपमा देतात : साखळ्या म्हणजे खळग्यांचे पुठ्ठे आणि कॅल्शियम म्हणजे त्या खळग्यांत बसलेली अंडी. मला ही उपमा फार आवडते, कारण ती ऐकली की शाळेतल्या मुलांनाही चित्र लगेच दिसते.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो शिकायला मला कित्येक हंगाम लागले. फळातच एक विकर (एन्झाइम) असते. ते पेक्टिनच्या ऋणभारांवर बसलेली मिथाईल गटांची टोपणे काढते आणि कॅल्शियमला बसायला जागा मोकळ्या करून देते. साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते जोमाने काम करते, त्याहून फार वर गेले की नष्ट होते. म्हणून भाजी सरळ उकळत्या पाण्यात टाकण्याऐवजी आधी काही मिनिटे साठ अंशांच्या आसपास ठेवली आणि मग कॅल्शियमच्या पाण्यात घातली, तर तिचा घट्टपणा पुढच्या कडक उष्णतेतही टिकतो. तेच गाजर, तेच कॅल्शियम, फक्त तापमानाचा क्रम वेगळा, आणि दाताखाली पडणारा फरक कुणालाही कळेल इतका.

आता ज्या प्रसंगाने मला मात्रेचे मोल शिकवले तो सांगते. चूक माझीच होती, हेही सांगते. कॅल्शियम क्लोराईड दोन रूपांत येते. एका रूपात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. दुसरे निर्जल. पहिल्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के कॅल्शियम असते, दुसऱ्यात ३६ टक्के. आम्ही नेहमी पहिले वापरत असू. १०० किलो टोमॅटोच्या फोडींना १८३ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम कॅल्शियम. एका हंगामात पुरवठादाराने निर्जल माल पाठवला. पिंपावर तसे स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नाही आणि नोंदवहीतला जुनाच आकडा पुढे चालवला. ५० ग्रॅमऐवजी ६६ ग्रॅम कॅल्शियम गेले. पाक काढणाऱ्या विभागातल्या एका अनुभवी बाई नमुना चाखायला आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आज फोड दाताला लागतेय, आणि मागे जरा कडवट राहतंय." मी नमुना तपासला, पिंपाकडे गेले आणि लेबल वाचले.

त्या मालात धोका काहीच नव्हता. टोमॅटोतले मूळचे कॅल्शियम धरूनही तो आमच्या फोडींसाठीच्या ०.०८ टक्के कॅल्शियमच्या मर्यादेत होता. तरी तो बाहेर गेला नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. त्या दिवशी मर्यादेत राहिला, पण मी लेबल न वाचता काम केले हे खरेच होते. दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीत नवा रकाना आखला : पिंपाचे रूप, कॅल्शियमची टक्केवारी आणि दोन सह्या. निवृत्त होईपर्यंत तो रकाना एकदाही रिकामा राहिला नाही.

हे इतके सविस्तर लिहिले, कारण खरी काळजी कुठे घ्यायची असते ते यात आहे. आपल्या लेखातल्या बर्फाच्या मुद्द्यावर ती काळजी पार भरकटली आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला कॅल्शियम क्लोराईड वापरतात, हे खरे. त्याच्या पाण्यातल्या पुरेशा घट्ट द्रावणाचा गोठणबिंदू शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत ते चालते. धूळ बसवायला कच्च्या रस्त्यांवरही ते शिंपडतात, काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणूनही वापरतात. पण बर्फासाठी रस्त्यांवर सर्वांत जास्त टाकले जाते ते साधे मीठ. मिठाचे द्रावण शून्याखाली २१ अंशांपर्यंत साथ देते आणि ते स्वस्त असते. एखादी वस्तू रस्त्यावर टाकतात म्हणून ती खाण्यात नको असे म्हटले, तर पहिल्यांदा मिठाचा डबा रिकामा करावा लागेल.

आता तुमच्या लेखकाच्या बाजूने बोलते. रस्त्यावर टाकायचा माल आणि अन्नात घालायचा माल यांचे सूत्र एकच असले तरी ते एक नसतात. कॅल्शियम क्लोराईड बनते कसे? सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, तयार करण्याची अर्नेस्ट सॉल्व्हे यांची १८६१ सालची पद्धत आहे. तीत मीठ आणि चुनखडी वापरतात आणि शेवटी कॅल्शियम क्लोराईड उरते. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक आम्ल घालूनही ते मिळते, नैसर्गिक खाऱ्या द्रावणांतूनही काढतात. चुनखडी म्हणजे जमिनीतला दगड. त्याच्याबरोबर शिसे, आर्सेनिक, फ्लोराईड असे काहीबाही येऊ शकते. रस्त्याला त्याने फरक पडत नाही. पोटाला पडतो. अन्नासाठीचा माल वेगळा शुद्ध केलेला असतो आणि या प्रत्येक अशुद्धीला वरची मर्यादा असते. प्रत्येक पिंपाबरोबर तपासणीचा दाखला येतो, आणि तो आला म्हणून तपासणी सोडायची नसते.

आमच्याकडे प्रत्येक नव्या खेपेचे कॅल्शियम मी स्वतः मोजत असे. द्रावण घ्यायचे, सोडियम हायड्रॉक्साईड घालून त्याचा सामू (पीएच) बारा-तेरापर्यंत न्यायचा. त्या सामूला मॅग्नेशियम असलेच तर साका होऊन बाजूला होते आणि मोजणीत लुडबुड करत नाही. मग रंग बदलून दाखवणारा सूचक घालायचा, द्रावण द्राक्षारसासारखे लाल होते. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, कॅल्शियमला पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. शेवटच्या थेंबाला लाल जाऊन स्वच्छ निळा येतो, आणि किती द्रावण लागले त्यावरून कॅल्शियम कळते. हजारो वेळा मी तो रंग बदलताना पाहिला असेल, तरी त्या थेंबाशी दर वेळी श्वास रोखला जाई.

आपल्या लेखाने हे विचारायला हवे होते : कारखान्यात आलेले पिंप अन्नाच्या दर्जाचे आहे हे कोण तपासते, किती वेळा, आणि त्याची नोंद कुठे असते? हा प्रश्न मोलाचा होता. लेखक त्याच्या अगदी जवळ येऊन बर्फाकडे वळले, याचे मला वाईट वाटते.

लेखात आणखी एक सरळ चूक आहे, ती दुरुस्त व्हायला हवी. ५०९ हा पदार्थ पावाला बुरशी लागू नये म्हणून घालतात, असे एका ठिकाणी म्हटले आहे. ते काम २८२चे, म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेटचे. नावात कॅल्शियम आले की सगळे एकच, असे नसते. १७० म्हणजे कार्बोनेट, चुनखडीतला तोच पदार्थ. ५१६ म्हणजे सल्फेट, सोयाबीनच्या दुधाचे टोफू करताना ते दूध फाडायला त्याचा मोठा उपयोग. ३२७ म्हणजे लॅक्टेट, जे ५०९इतके कडवट नसते, म्हणून कापलेल्या फळांसाठी बरेचदा तेच निवडतात. प्रत्येकाचे काम निराळे, कॅल्शियम तेवढे सारखे.

चीजचाही उल्लेख लेखात एका ओळीत, 'चीजमध्येही भेसळ' अशा शब्दांत आला आहे. हा शब्द मला लागला. दूध पाश्चरीकरणासाठी ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले की त्यातले काही विरघळलेले कॅल्शियम अविद्राव्य रूपात जाते. रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणारे विकर, घातल्यावर आधी दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवरचे संरक्षक टोक कापले जाते, मग ते कण एकमेकांना चिकटून दही धरते. हे चिकटणे कॅल्शियमशिवाय होतच नाही. तापवलेल्या दुधाचे दही त्यामुळे पातळ, लिबलिबीत धरते, सुरीने नीट कापले जात नाही आणि निवळीबरोबर बरेचसे वाहून जाते. १०० लिटर दुधाला २० ग्रॅमपर्यंत कॅल्शियम क्लोराईड घातले की दही पुन्हा घट्ट धरते. जंतू मारण्यासाठी दूध तापवले, त्यात जे हातचे गेले ते परत दिले. याला भेसळ म्हणणे अन्यायाचे आहे.

भाचीच्या मनातली भीती मात्र वेगळीच होती, हे दुसऱ्यांदा बोलताना कळले. 'क्लोराईड' या शब्दाने तिला घाबरवले होते. क्लोरीनचा वायू, पाण्याच्या टाकीतला वास, असे काहीतरी. मी तिला सिडनी रिंगर यांची गोष्ट सांगितली. हे लंडनचे डॉक्टर. १८८२च्या सुमारास ते बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात किती वेळ धडधडते ते पाहत होते. त्यांना वाटले, साध्या मिठाच्या पाण्यात ते छान चालते. पुढे लक्षात आले की ते द्रावण ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेल्या पाण्यात केलेलेच नव्हते, ते नळाच्या पाण्यात झाले होते. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदयाचे आकुंचन मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यातले थोडेसे कॅल्शियम तेवढा वेळ हृदय चालवत होते. १८८३ साली रिंगर यांनी आधीच्या लेखातली ही चूक नव्या लेखात उघडपणे मांडली. आज रुग्णालयात शिरेतून जे रिंगर लॅक्टेट देतात, ज्याला सगळे आरएल म्हणतात, त्याच्या बाटलीवरचे घटक वाचावेत. सोडियम क्लोराईड, सोडियम लॅक्टेट, पोटॅशियम क्लोराईड आणि कॅल्शियम क्लोराईड. भाचीला बाळंतपणात आरएल लावले होते. ती बराच वेळ गप्प राहिली.

मात्रेचा हिशेबही तिला कागदावर करून दाखवला. १०० ग्रॅम टोमॅटोच्या फोडींत आम्ही घातलेले कॅल्शियम ५० मिलिग्रॅम. ४० मिलिलिटर गायीच्या दुधात जवळपास तितकेच असते. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६पासून अन्नातल्या अशा पदार्थांची तपासणी करते. या पदार्थासाठी रोजच्या सेवनाची आकड्यातली मर्यादा घालण्याची गरज त्या समितीला वाटलेली नाही. याचा अर्थ दाणे तोंडात टाकून बघावेत असा मुळीच नाही. कोरडे दाणे किंवा घट्ट द्रावण तोंड, अन्ननलिका आणि जठर भाजून काढते. मुलांच्या हाती ते कधीच लागू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा कॅल्शियमवर पथ्य असलेल्यांना डॉक्टरांनी जे सांगितले असेल, ते डब्यातल्या कॅल्शियमलाही लागू होते.

एका गोष्टीवर मात्र मी कारखानदारांच्या बाजूची नाही, आणि नोकरीत असतानाही नव्हते. डब्यावर ५०९ असे छापतात, किती ते छापत नाहीत. आकडा आमच्या नोंदवहीत असे, मग डब्यावर का नसावा? बैठकांमध्ये मी हे दोनतीनदा मांडले. उत्तर मिळाले, ग्राहकाला त्यातले काय कळणार. मला ते तेव्हाही पटले नाही. दुसरे असे की, कॅल्शियम पिकून मऊ पडू लागलेल्या फळालाही थोडा ताठपणा देते. सडलेले फळ ते सुधारू शकत नाही, पण उताराला लागलेले फळ बरे दिसायला मदत करू शकते. म्हणून फळ आत घेताना कसे होते, हे बघणारा माणूस कॅल्शियम मोजणाऱ्या माणसाइतकाच महत्त्वाचा. आमच्याकडे पट्ट्यावर उभ्या राहून टोमॅटो निवडणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या हातांवर माझा माझ्या ब्युरेटइतकाच विश्वास होता.

आणि फळाला कॅल्शियम लागते ते डब्यात गेल्यावरच, असेही नाही. झाडावर असतानाही लागते. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढते आणि जिथून जास्त बाष्प निघते तिकडे, म्हणजे पानांकडे जाते. फळाच्या वाट्याला कमी येते. मग सफरचंदावर कडू तपकिरी ठिपके पडतात, टोमॅटोचे बूड काळे पडते. बागायतदार वाढत्या सफरचंदांवर याच कॅल्शियम क्लोराईडचे पातळ द्रावण फवारतात. म्हणजे ज्याला आपण ताजे म्हणून हातात घेतो, त्या फळालाही त्याचा स्पर्श झालेला असू शकतो.

माझी मागणी एवढीच : ५०९ आणि २८२ यांची गल्लत आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी दुरुस्त करावी. लेख ज्यांनी वाचला ते दुरुस्तीही तिथेच वाचतील. लेखकांना हवे असेल, तर कॅल्शियमची मोजणी त्यांना शेजारी उभे राहून दाखवायला मी आनंदाने तयार आहे. ब्युरेट माझ्याकडे अजून आहे.

सोमवारी भाचीला पुन्हा फोन केला आणि रविवारी राहिलेले उत्तर दिले : होय, मीच घालत होते, १०० किलोला १८३ ग्रॅम, आणि तुझ्या मुलीच्या ताटातही तेवढेच घातले असते. तिने विचारले, मग डबा घेताना मी बघू तरी काय? मी म्हटले, टोमॅटो पूर्ण विरघळून दाट रस्सा व्हायला हवा असेल, तर ५०९ नसलेला डबा घे, कारण ५०९ असलेल्या फोडी तासभर शिजवल्या तरी आकार सोडत नाहीत. फोडी अख्ख्या दिसायला हव्या असतील, तर ५०९ असलेला घे. आणि दोन्ही वेळा डबा फुगलेला नाही ना, शिवणीपाशी चेपलेला नाही ना, ते आधी बघ.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त अन्न-रसायनतज्ज्ञ